स्टीअरिंगची चकाकी म्हणजे मळ

नव्या गाडीचं लेदरचं स्टीअरिंग हाताला किंचित खरखरीत आणि दिसायला मंद असतं. काही वर्षांत नेमकं हात धरतो तिथेच ते चकाकू लागतं आणि घाटातल्या वळणावर तळवा सरकायला लागतो. मग निदान ठरलेलं: लेदर झिजलं, कव्हर घाला. बहुतेक वेळा ते झिजलेलं नसतं, मळलेलं असतं.

स्टीअरिंगच्या चामड्यावर कारखान्यातच रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. आपला हात त्या थरावर फिरतो. घाम, त्वचेचं तेल, सनस्क्रीन, हँड क्रीम, गाडीत बसून खाल्लेल्या वड्याचा तेलकटपणा असं सगळं त्याच्या बारीक खळग्यांत बसून दाबलं जातं. खळगे बुजले की पकड गेली. वर कुणी हौसेने डॅशबोर्डचं पॉलिश मारलं तर विचारायलाच नको. अशा पॉलिशमध्ये बरेचदा सिलिकॉन असतं, आणि ते घसरण वाढवतंच. खोबरेल तेलाचा सल्ला देणाऱ्या काकांनाही हात जोडावेत.

उपाय स्वस्त आहे. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाका, मायक्रोफायबरचं फडकं बुडवून घट्ट पिळा आणि वीतभर भाग हलक्या हाताने पुसा. फडकं काळपट तपकिरी होईल, ते धुऊन पुन्हा फिरवा. शिवणीत मऊ टूथब्रश चालतो. बटणांच्या फटींत आणि एअरबॅग असलेल्या मधल्या भागात पाणी जाऊ देऊ नका. शेवटी साध्या ओल्या फडक्याने साबण काढून कोरडं करा. पुसलेला भाग मंद दिसतो, शेजारचा अजून चकाकतो. किती मळ होता ते तिथेच कळतं. पांढरा ‘मॅजिक’ स्पंज मात्र टाळा. तो अतिबारीक पॉलिशपेपरच आहे, मळासोबत रंगही खरवडतो. कोविडच्या काळात सॅनिटायझर चोळून अनेकांनी वरचा थर चिकट करून घेतला, तोही मार्ग नको.

थोडा दोष हातांचाही. त्वचा किंचित दमट असेल तर पकड चांगली बसते; हिवाळ्यात कोरडे पडलेले तळवे आणि पावसात चिंब झालेले, दोन्ही सरकतात. गाडीत एक सुती नॅपकिन ठेवावा, बस्स.

थर खरोखरच गेला असेल, चामडं सोलत असेल, तर धुऊन भागणार नाही. पण रस्त्यावर मिळणारं, नुसतं ओढून चढवायचं ढिलं कव्हर घेऊ नका. ऐन वळणावर कव्हर फिरतं आणि चाक जागेवर राहतं. सीटकव्हरवाल्याकडून मापाचं, सुई-दोऱ्याने ताणून शिवलेलं कव्हर बसवून घ्या. गुळगुळीत नको, छिद्रांचं चामडं मागा. पैसे देण्याआधी दोन्ही हातांनी चाक पूर्ण फिरवून पाहा: कव्हर तसूभरही हलता कामा नये आणि शिवण अंगठ्याला टोचता कामा नये.