समुद्रावरील मासळीची मोजदाद आणि रिकामे रकाने

ह्या विषयाचे नाव जाहीर झाले तेव्हा पुष्कळांना नवल वाटले असेल. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत, समुद्राच्या मासळीचे काय काम? आपल्याकडे ताजी मासळी म्हणजे बहुधा पैठणच्या नाथसागरातली. समुद्र आपल्या स्वयंपाकघरात शिरतो तो सुकट आणि सुके बोंबील ह्यांच्या रूपाने, आणि तोही मुख्यतः कष्टकऱ्यांच्या घरी. पण मासे कसे धरतात हे मी सांगणार नाही. ते कसे मोजतात, आणि ज्या दिवशी मोजायला कोणी गेलेच नाही त्या दिवसाचे मासे कागदावर कसे मांडतात, एवढाच माझा विषय आहे. ज्यांनी पैसेवारीच्या आकड्यावरून गावचा दुष्काळ ठरताना किंवा नाकारला जाताना पाहिला आहे, त्यांना तो परका वाटू नये.

मी कामगार चळवळीतला माणूस. संख्याशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. मस्टर, पगारपत्रक आणि महागाईचा निर्देशांक ह्यांच्याशी झगडताना जे हाताला लागले त्यावर पुस्तके वाचून भर घातली. तेव्हा सूत्रांची भीती कोणी बाळगू नये.

शेतातील पीक मोजण्याची शास्त्रीय रीत आपल्या देशात रुळवण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे : सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. व्ही. जी. पानसे. चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेते निवडायची, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे आणि त्यावरून साऱ्या तालुक्याचा अंदाज बांधायचा, ही ती पीक-कापणीची पद्धत. ह्याच दोघांनी के. व्ही. आर. शास्त्री ह्यांच्यासह १९५८ साली ‘बायोमेट्रिक्स’ ह्या नियतकालिकात समुद्रातील मासळीचा अंदाज नमुन्यावरून कसा काढावा ह्यावर निबंध लिहिला. शेत एका जागी असते. आज चुकले तर उद्या जाता येते. होडी मात्र पहाटे धक्क्याला लागते, तासाभरात लिलाव होतो, टोपल्या उठतात आणि पुरावा गिऱ्हाइकाच्या पिशवीतून निघून जातो. तो दिवस पुन्हा मोजता येत नाही.

हे काम देशात मुख्यतः केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते. संस्थेची स्थापना १९४७ ची, मुख्यालय कोचीला. तिची पद्धत थोडक्यात अशी. किनाऱ्याचे विभाग पाडायचे. महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांतून एक दिवस चिठ्ठीने काढायचा. समजा, ४ तारीख निघाली, तर ४-५, ६-७, ८-९ अशा दोन-दोन दिवसांच्या तीन जोड्या झाल्या. दहा दिवसांनी पुन्हा तोच क्रम, आणखी दहा दिवसांनी पुन्हा तोच. अशा महिन्याच्या नऊ जोड्या. प्रत्येक जोडीला विभागातले एक बंदर, तेही चिठ्ठीने. निरीक्षक पहिल्या दिवशी दुपारी बारापासून सहापर्यंत बंदरावर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून बारापर्यंत. होड्या थोड्या असल्या तर सगळ्यांची नोंद, जास्त असल्या तर ठरलेल्या अंतराने एकेकीची. मधली रात्र? ती तो चौकशीने भरतो : रात्री किती होड्या लागल्या, काय उतरले, हे सकाळी तांडेलांना आणि व्यापाऱ्यांना विचारून. म्हणजे निरीक्षक अगदी वेळेवर हजर असला तरी दिवसाचा अर्धा भाग ऐकीव असतो. हे मी दोष म्हणून सांगत नाही. ते पद्धतीतच उघडपणे धरलेले आहे. ससून डॉकसारखी मोठी बंदरे ह्या चिठ्ठीत टाकत नाहीत. त्यांची स्वतंत्रपणे आणि जास्त दिवस पाहणी होते.

आता असे समजू की एका विभागात २० बंदरे आहेत. ३० दिवसांचा महिना, म्हणजे ६०० बंदर-दिवस झाले. त्यांपैकी आपण नऊच पाहिले. एकेक पाहणी सुमारे ६७ बंदर-दिवसांच्या वतीने बोलते. निरीक्षकाला ताप आला, पुलावर पाणी चढले, जागा रिकामी होऊन ती भरलीच गेली नाही, आणि नऊतली एक पाहणी हुकली. पुष्कळजण म्हणतात, सोडून द्या ती, उरलेल्या आठांवर हिशेब करा. जरूर करा, पण मग त्या आठांपैकी प्रत्येक पाहणी ७५ बंदर-दिवसांच्या वतीने बोलू लागते. ‘सोडून दिली’ ह्याचा अर्थ ‘हुकलेला दिवस उरलेल्या आठांच्या सरासरीसारखाच होता असे गृहीत धरले’ असा होतो. रिकामा रकाना कधी रिकामा राहत नाही. आपण भरला नाही तरी बेरीज करणारा तो भरतो.

भरण्याच्या रीती किती वेगळी उत्तरे देतात हे एका बनवलेल्या उदाहरणाने पाहू. दोन बंदरे आहेत. सप्टेंबरात पहिल्या बंदरावर ४० टन मासळी उतरली, दुसऱ्यावर २० टन. ऑक्टोबरात पहिल्यावर ६० टन. दुसऱ्याची नोंद नाही. कारकून म्हणेल, नोंद नाही म्हणजे शून्य. दुसरा म्हणेल, मागचाच आकडा धरा, २०. तिसरा म्हणेल, पहिल्या बंदरावर मासळी दीडपट झाली, तर इथेही दीडपट, म्हणून ३०. चौथा म्हणेल, तिथे २० टन वाढले, इथेही २० वाढवा, म्हणून ४०. चौघांनीही बेरीज बरोबर केली आहे. फरक आहे तो बंदरे एकमेकांशी कशी वागतात ह्या समजुतीचा. हंगामात मासळी साधारण पटीने वाढते, म्हणून मला तिसरा जवळचा वाटतो. पण पहिले बंदर मोठ्या यांत्रिक होड्यांचे आणि दुसरे खाडीच्या तोंडावर डोल जाळी लावणाऱ्यांचे असेल, तर तिसराही फसेल. बोंबील आणि पापलेट एकाच तालावर नाचत नाहीत.

शेतीच्या प्रयोगांत एखादा तुकडा जनावराने खाल्ला तर त्याचे उत्पन्न कसे अंदाजावे ह्याचे सूत्र इंग्लंडात रॉथम्स्टेड येथे फ्रँक येट्स ह्यांनी १९३३ मध्ये मांडले. ते चौथ्याच्या जातीचे आहे. तिथे ते चालते. कारण जनावर कोणत्या तुकड्यात शिरावे हे पिकाच्या जोमावर ठरत नाही, असे धरता येते.

खरी अडचण इथेच आहे. नोंद का हुकली, हे पाहिल्याखेरीज ती कशी भरावी हे ठरत नाही. अमेरिकेतील डोनाल्ड रूबिन ह्यांनी १९७६ मध्ये ह्या कारणांची नीट वर्गवारी केली. निरीक्षकाची बस बिघडली, तर त्याचा माशांशी संबंध नाही. शेजारच्या दिवसांवरून खुशाल भरा. पण वादळाचा इशारा होता म्हणून तो गेला नाही, तर त्याच इशाऱ्याने होड्याही बंदरातच होत्या. तिथे चांगल्या दिवसांची सरासरी घातली की कागदावर वादळातही मासळी उतरते! २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही चक्रीवादळे अरबी समुद्रात लागोपाठ आली. त्या वर्षी महाराष्ट्राची मासळी संस्थेच्या अंदाजाने सुमारे २.०१ लाख टन झाली. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती. पंचेचाळीस वर्षांतला हा नीचांक. त्या दिवसांचे रकाने कोणी सरासरीने भरले असते, तर कोळ्यांच्या घरातली उपासमार आकड्यांतून पुसली गेली असती. उलट, २०२० च्या टाळेबंदीत मासेमारीला १० एप्रिलपासून सूट मिळाली, पण ये-जा अवघडच होती. अशा वेळी न पाहिलेल्या दिवसाला शून्य धरणे तितकेच चूक; होडी गेली असेल आणि पाहणारा पोचला नसेल. त्या वर्षाचा देशाचा अंदाज २७.३ लाख टन आहे, आदल्या वर्षीचा ३५.६ लाख टन. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हाचे त्यांचे शून्य खरे शून्य. पण बिनइंजिनाच्या होड्यांना ती बंदी नाही, हेही विसरू नये.

मग करावे काय? बाजूचा साक्षीदार शोधावा. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जादा कामाच्या वहीची तीन महिन्यांची पाने गहाळ झाली. व्यवस्थापन म्हणाले, नोंद नाही म्हणजे जादा काम नाही. आम्ही कँटीनची रात्रीच्या जेवणाची कूपने मोजली. ज्या महिन्यांची वही शाबूत होती त्यांत एका कुपनामागे किती तास पडतात ते काढले आणि गहाळ महिन्यांना तोच दर लावला. वाटाघाटी त्याच आकड्यावर झाल्या. कंत्राटी कामगारांना कूपनेच मिळत नसत, म्हणून त्यांचे तास फाटकावरच्या वहीतून वेगळे काढावे लागले.

बंदरावर कुपनाची जागा डिझेल आणि बर्फ घेतात. सोसायटीने किती डिझेल दिले, बर्फ किती खपला, ह्यावरून किती होड्या गेल्या ह्याचा चांगला अंदाज येतो. पण वल्ह्याची आणि शिडाची होडी डिझेल घेत नाही, आणि खाडीत पाग टाकणारा बर्फही घेत नाही. कंत्राटी कामगारासारखाच तोही हिशेबातून गळतो. त्याची गाठ वेगळी घालावी लागते.

हे गळणे जगभर चालते. डॅनिएल पॉली आणि डर्क झेलर ह्यांनी २०१६ मध्ये अनेक देशांच्या आकड्यांची पुन्हा जुळणी करून दाखवले की १९९६ च्या सुमारास जगातील मासळी सुमारे १३ कोटी टन होती. सरकारी नोंदी सांगत होत्या ८ कोटी ६० लाख. उरलेली मुख्यतः छोट्या मच्छीमारांची, घरी खाल्लेली, फेकून दिलेली आणि चोरटी. ती मोजली गेली नव्हती म्हणून शून्य धरली गेली. उलट बाजूही आहे. वॉटसन आणि पॉली ह्यांनी २००१ मध्ये दाखवले की चीनने कळवलेले आकडे तेथील समुद्राच्या मानाने अवास्तव मोठे होते. उत्पादन वाढले तर अधिकाऱ्याची बढती, अशी तिथली रीत. त्या फुगवट्याने साऱ्या जगाची मासळी वाढत असल्याचा भास झाला, तेव्हा ती घटत होती.

महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीचा दर्जा म्हणजे शेतीची भांडणेही आली : नुकसान किती, कोणत्या गावाचे, आणि मागच्या वर्षांच्या कोणत्या सरासरीशी तोलून. ती सरासरी जर भरलेल्या रकान्यांची असेल, तर कोणी कशी भरली हे मच्छीमारांच्या सोसायटीला विचारता आले पाहिजे. मुंबईच्या कामगारांनी १९६३ साली महागाई निर्देशांकाबद्दल हेच विचारले, तेव्हा लकडावाला समिती नेमावी लागली आणि निर्देशांकातल्या उणिवा बाहेर आल्या.

त्यासाठी वहीत फार मोठा बदल नको. मोजून शून्य आले तर शून्य लिहावे. पाहणी झाली नाही तर आडवी रेघ, आणि पुढे कारण : आजार, रस्ता, वादळ, जागा रिकामी. नंतर अंदाजाने भरला तर आकड्यावर फुली, रेघ न खोडता. आणि एकाच रीतीने न भरता तीन-चार रीतींनी भरून बेरीज किती ते किती बदलते हे शेजारी द्यावे. मघाच्या उदाहरणात ऑक्टोबरची दोन बंदरांची बेरीज ६० पासून १०० पर्यंत कुठेही निघते. कारण वादळाचे असेल तर खालचे टोक धरावे. बसचे असेल तर ९०.