मॅडम, डिक्री आणलीत?

घटस्फोट झाला, आयुष्य पुढे गेलं. त्याचा कागद मात्र कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्येच राहिला. दुसरं लग्न, व्हिसा, फ्लॅटची वाटणी... केव्हा ना केव्हा तो लागतोच. मग तो मिळवायचा कसा?

मुंबईहून गोव्याकडे निघालेली बस पहाटे हातखंब्याच्या तिठ्यावर थांबते. सरळ गेलं की गोवा, उजवीकडे वळलं की रत्नागिरी. डोळे चोळत इथे उतरणारे बहुतेक जण गणपतीला आलेले असतात, नाहीतर आंब्याच्या दिवसांत. आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण मात्र ऐन जुलैत, धो धो पावसात उतरली. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात छत्री. काम एकच, कोर्टात जायचं.

तिचा घटस्फोट २०१६ सालचा, परस्पर संमतीचा. भांडणतंटा नाही, पोटगीची ओढाताण नाही. शेवटच्या तारखेला सही करून ती जी कोर्टाबाहेर पडली ती थेट पुण्याच्या गाडीत बसली. ‘पुन्हा या इमारतीचं तोंड बघायचं नाही,’ हे तिनं त्या दिवशी ठरवून टाकलं होतं. आणि बघितलंही नाही.

मग आयुष्यात दुसरा कुणीतरी आला. दोघांनी रजिस्टर लग्न करायचं ठरवलं. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून दोघं विवाह नोंदणी कार्यालयात गेले. फॉर्ममध्ये ‘वैवाहिक स्थिती’समोर तिनं ‘घटस्फोटित’ लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, ‘मॅडम, डिक्री आणलीत?’

तिच्याकडे होती एक झेरॉक्स. तीही अर्धवट, शेवटचं पान नसलेली. वकीलसाहेब मधल्या काळात वारलेले. लग्नाचा हॉल बुक झालेला!

दाखला नसतो, हुकूमनामा असतो

आपल्यापैकी अनेकांचा समज असतो की जन्माचा दाखला मिळतो, लग्नाचा मिळतो, तसा घटस्फोटाचाही दाखला कुठल्यातरी ऑफिसात मिळत असणार. नाही. महापालिकेत नाही, ग्रामपंचायतीत नाही, जिथे लग्न नोंदवलं तिथेही नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत घटस्फोटाचा पुरावा एकच. तो म्हणजे कोर्टानं दिलेला हुकूमनामा, अर्थात डिक्री.

याला काही अपवाद आहेत. पारशी विवाह कायद्यात (१९३६) कोर्ट घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवतं आणि तिथे नोंद होते. गोव्यातही पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे विवाहाच्या नोंदीतच घटस्फोटाची नोंद केली जाते. म्हणजे हातखंब्याहून त्याच हायवेनं थोडं खाली गेलं की पद्धत बदलते! बाकी आपण सगळे कोर्टाच्या दारात. तसं अमेरिकेतही घटस्फोटाचा निकाल त्या त्या कौंटी कोर्टाच्या क्लार्ककडूनच घ्यावा लागतो. तेव्हा वैतागू नका.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात कोर्टानं काय ठरवलं आणि का ठरवलं हे असतं. हुकूमनामा छोटा असतो. त्यात पक्षकारांची नावं, प्रकरणाचा नंबर आणि अमुक तारखेपासून विवाह विच्छेदित झाला एवढंच असतं. अर्ज करताना दोन्ही मागा. संमतीचा घटस्फोट असेल तर तडजोडीच्या अटींची नक्कलही मागा. फ्लॅट कुणाचा, मूल कुणाकडे, हे त्यातच लिहिलेलं असतं.

कुठल्या कोर्टात जायचं?

तुम्ही आज कुठे राहता याचा इथे काही संबंध नाही. ज्या कोर्टानं निकाल दिला, कागद तिथेच. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्न जिथे लागलं, जोडपं शेवटचं एकत्र जिथे राहिलं किंवा समोरची बाजू जिथे राहते तिथे अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला ती राहते तिथेही करता येतो. आमच्या मैत्रिणीचं लग्न हातखंब्याला, माहेरच्या अंगणात लागलं होतं. म्हणून प्रकरण रत्नागिरीत.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कुटुंब न्यायालय आहे, पुण्यातही वेगळं कुटुंब न्यायालय आहे. जिथे ते नसतं तिथे हे अर्ज साधारणपणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. जुनं प्रकरण असेल तर त्या वेळी ते कुणापुढे होतं हे आधी पक्कं करा. नाहीतर या जिन्यावरून त्या जिन्यावर फेऱ्या ठरलेल्या!

नंबर हीच किल्ली

त्या पहाटे ती आधी माहेरी गेली. आईनं चहा टाकला आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘कशाला उकरून काढतेस गो ते सगळं?’ ती म्हणाली, ‘उकरत नाही गं आई. संपल्याचा कागद आणायला चाललेय.’

कपाटातल्या जुन्या फायलीत तिला वकीलसाहेबांची एक चिठ्ठी सापडली. त्यावर प्रकरणाचा नंबर होता. निम्मं काम तिथेच झालं.

तुमच्याकडे नंबर नसेल तर? वकिलाला फोन करा. समन्स किंवा नोटीस जपून ठेवली असेल तर त्यावर बघा. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा मोबाइल अॅपवर जिल्हा, कोर्ट आणि वर्ष निवडून पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. तिथे प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा एक सीएनआर नंबर दिसतो, तो लिहून घ्या. घटस्फोटाच्या प्रकरणांत गोपनीयतेमुळे निकाल वाचायला मिळेलच असं नाही. आणि मिळाला तरी ती प्रिंट म्हणजे नक्कल नव्हे. फार जुनं प्रकरण संगणकावर नसलं तर कोर्टातल्या रजिस्टरमध्ये वर्ष आणि नावावरून शोधावं लागतं. म्हणून निदान निकालाचं वर्ष तरी आठवा.

नक्कल विभागातली सकाळ

हातखंब्याहून एसटीनं कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर करत ती रत्नागिरीत पोचली. कोर्टात शिरताना पोटात गोळा आला, हे तिनं नंतर कबूल केलं. नक्कल विभागाच्या खिडकीशी मात्र कुणी तिच्याकडे रोखून बघितलं नाही. तिथे जमिनीच्या दाव्याची नक्कल मागणारे आजोबा होते, वकिलांचे दोन कारकून होते. क्लार्कनं फक्त तीन प्रश्न विचारले.

‘प्रकरण क्रमांक? वर्ष? तुम्ही पक्षकार का?’

‘हो. अर्जदार क्रमांक दोन.’

बस्स. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वर्ष त्या खिडकीशी एका ओळीत मावलं!

अर्ज साधा असतो. प्रकरणाचा क्रमांक, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, कोणत्या कागदाची नक्कल हवी आणि किती प्रती, एवढं लिहायचं. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. सोबत ओळखपत्राची प्रत ठेवा. नकलेची फी पानांप्रमाणे लागते आणि ती खिशाला जड नसते. घाई असेल तर तातडीची नक्कल मागता येते. प्रकरण निकाली निघून बरीच वर्षं झाली असतील तर फाइल रेकॉर्ड रूममधून काढावी लागते, त्याला वेळ लागतो. त्यामुळे ‘सकाळी अर्ज, दुपारी नक्कल’ असा प्लॅन करून एकच रजा टाकू नका. पुन्हा येणं जमणार नसेल तर तिथल्याच एखाद्या वकिलाला वकीलपत्र देऊन काम सोपवता येतं.

मिळणाऱ्या कागदाला म्हणतात सहीशिक्क्याची नक्कल. त्यावर कोर्टाचा शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि तीन तारखा असतात. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ७६ खाली मिळणारी ही नक्कल १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ खाली मिळते. झेरॉक्सला ती किंमत नाही.

आणि हे माहीत आहे? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत कोर्टानं दोन्ही पक्षकारांना मोफत द्यायची असते. पण त्या दिवशी घरी पळायची घाई असते, डोळे भरलेले असतात, आणि प्रत घ्यायची राहून जाते. आमच्या मैत्रिणीचं नेमकं हेच झालं होतं.

आरटीआय टाकू का?

हा प्रश्न ऑफिसात हमखास येतो. उत्तर आहे, नको. कोर्टातल्या खटल्याचे कागद माहिती अधिकारातून नव्हे, कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनुसार अर्ज करूनच घ्यायचे, असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

‘त्याची’ डिक्री बघायची आहे...

मॅट्रिमोनी साइटवर भेटलेल्या मुलाच्या प्रोफाइलवर ‘डिव्होर्स्ड’ लिहिलंय. खरं कशावरून? त्याची डिक्री तुम्ही परस्पर काढू शकता का? सहजी नाही. वैवाहिक प्रकरणं बंद दाराआड चालतात आणि त्यांचा तपशील छापायलाही कायद्यानं मनाई आहे. त्रयस्थ माणसाला प्रतिज्ञापत्रावर सबळ कारण द्यावं लागतं आणि कोर्टाची परवानगी लागते.

सोपा रस्ता म्हणजे त्यालाच सांगा, ‘सहीशिक्क्याची नक्कल दाखव.’ यात लाजण्यासारखं काही नाही. पहिलं लग्न कायद्यानं संपलेलं नसेल तर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं. शिवाय तो गुन्हा आहे, पूर्वीचं भादंवि ४९४, आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम ८२. तो कागदावर ‘केस चालू आहे’ म्हणत असेल, तर तो अजून विवाहितच आहे. निकाल लागल्यावरही अपिलाची मुदत जाऊ द्यावी लागते. हिंदू विवाह कायद्यात ती ९० दिवसांची आहे.

स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी हीदेखील डिक्री नव्हे. कायदा काही समाजांतली रूढीची काडीमोड मान्य करतो, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. नोटरीचा गोल शिक्का बघून भुलू नका.

परदेशी जाताय?

पासपोर्टसाठी आता डिक्रीची गरज नाही. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं नियम सोपे केले, तेव्हा घटस्फोटितांना जोडीदाराचं नाव आणि डिक्री दोन्हीतून सूट मिळाली. पण परदेशात पुन्हा लग्न करायचं असेल किंवा नव्या जोडीदाराच्या व्हिसावर जायचं असेल तर ती मागितली जाते. तेव्हा नकलेवर आधी राज्य शासनाचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिलचा शिक्का घ्यावा लागतो. निकाल मराठीत असेल तर अधिकृत भाषांतरही लागतं. काही देश अपील दाखल नसल्याचा दाखलाही मागतात. या सगळ्याला वेळ ठेवा.

चेकलिस्ट

• प्रकरण क्रमांक, वर्ष, निकालाची तारीख मोबाइलमध्ये सेव्ह करा.
• निकालपत्र, हुकूमनामा आणि तडजोडीच्या अटी, तिन्ही मागा.
• एका वेळी निदान तीन प्रती घ्या. एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक घरी, एक द्यायला.
• नक्कल हातात पडताच नावाचं स्पेलिंग आणि तारखा तिथेच तपासा. मूळ हुकूमनाम्यातच चूक असेल तर दुरुस्तीसाठी कोर्टात वेगळा अर्ज लागतो.
• सगळी पानं स्कॅन करा, शेवटचं पान धरून!
• फार उशीर करू नका. जुने कागद नियमाप्रमाणे टप्प्याटप्प्यानं नष्ट केले जातात. निकाल आणि हुकूमनामा जास्त काळ जपतात, पण बाकीच्या कागदांचा भरवसा नाही.

आमच्या मैत्रिणीला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला तीन नकला घेऊन ती हातखंब्याच्या तिठ्यावर रात्रीच्या बसची वाट बघत उभी होती. आई सोबत आली होती. बस येईपर्यंत आईनं तो कागद मागून घेतला, टपरीच्या दिव्याखाली चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि घडी करून परत दिला.

‘नीट ठेव हो,’ आई म्हणाली. ‘प्लास्टिकच्या पिशवीत घाल. पाऊस आहे.’