‘ओन्ली’ची जागा

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या माणसाला इंग्रजीत विचारा, तुम्ही कुठले? तो सांगेल, ‘आय ॲम फ्रॉम अकोला ओन्ली.’ काल संध्याकाळी कुठे होता विचारलं, तर उत्तर येईल, ‘आय वॉज ॲट होम ओन्ली.’ हा ‘ओन्ली’ एकट्या वऱ्हाडाचा नाही. साऱ्या देशात तो असाच वाक्याच्या शेपटीला येऊन बसतो. रमा बिजापूरकर यांनी भारतीय ग्राहकांवर २००७ साली लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाचं नावच ‘वी आर लाइक दॅट ओन्ली’ असं आहे. आम्ही असेच आहोत, हा त्याचा अर्थ. तो कुणाही भारतीय वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पण हेच नाव लंडनच्या माणसाला वाचायला दिलं तर तो घटकाभर थबकेल.

हा ‘ओन्ली’ येतो कुठून? मराठी माणसाच्या तोंडी तो येतो आपल्या ‘च’मधून. व्याकरणात ‘च’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. तो ज्या शब्दाला चिकटतो त्या शब्दाचं रूप बदलत नाही, वजन मात्र बदलतो. मी, मीच. घरी, घरीच. आता, आताच. आमचा वऱ्हाडी माणूस तर ‘च’शिवाय बोलूच शकत नाही. ‘मी तं घरीच होतो ना बाप्पा!’ इथल्या मुसलमान घरांतही हेच आहे. आम्ही घरात जी उर्दू बोलतो ती लखनौची नव्हे. ‘अभीच आया’, ‘घरपेच था’, ‘वैसाइच बोला’ ही आमची बोली. दखनी बोलीतला हा ‘च’ मराठीकडून आला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे मशिदीच्या गल्लीत आणि देवळाच्या गल्लीत भाषा दोन असल्या तरी हे एक अक्षर सामाईक आहे. मग इंग्रजी बोलताना ते दोन्ही गल्ल्यांतून सोबत येणारच.

आपण इंग्रजी शिकलोही भाषांतर करत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांना हीच वाट दाखवली. मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधीच्या आम्हा मंडळींची गाठ तिच्याशी पाचवीत पडायची. आधी मराठी वाक्य मनात, मग शब्दाला शब्द. ‘च’ म्हणजे काय? ‘ओन्ली’. झालं! इथेच घोटाळा आहे, कारण ‘च’ दोन कामं करतो आणि इंग्रजीतला ‘ओन्ली’ त्यातलं एकच करतो.

‘च’चं पहिलं काम म्हणजे कुंपण घालणं. ‘सभेला दोघेच आले’, म्हणजे तिसरा कुणी आला नाही. दुसरं काम म्हणजे जोर देणं. ‘मी येणारच’ या वाक्यात कुणाला वगळलेलं नाही, फक्त निर्धार आहे. ‘तो तसाच आहे’ यातही कुंपण नाही. प्रमाण इंग्रजीतला ‘ओन्ली’ कुंपणाचा शब्द आहे, जोर देण्याचं काम त्याचं नाही.

म्हणून एक सोपी कसोटी सांगतो. वाक्यात ‘ओन्ली’ घालण्याआधी मनात म्हणा, ‘आणि दुसरं नाही’. अर्थ जमला तर ‘ओन्ली’ घाला, नाही जमला तर सोडा. ‘मी अकोल्याचाच’, आणि दुसऱ्या गावाचा नाही? तसं काही सांगायचं नव्हतं. तेव्हा ‘आय ॲम फ्रॉम अकोला’ एवढं पुरे. ‘आताच आलो’ याला ‘आय हॅव जस्ट कम’. ‘त्यानंच मला सांगितलं’ याला ‘इट वॉज ही हू टोल्ड मी’. ‘मी येणारच’ याला ‘आय विल सर्टनली कम’. ‘तो तसाच आहे’ याला ‘ही इज जस्ट लाइक दॅट’. आपल्या एका ‘च’साठी इंग्रजीला चार वेगळ्या तऱ्हा लागतात.

आता ‘ओन्ली’ बसवायचा कुठे? मराठीत चिंता नसते, कारण ‘च’ शब्दाला चिकटूनच असतो. ‘ओन्ली’ सुटा आहे, तो सरकतो आणि सरकला की अर्थही सरकतो. एक साधं वाक्य घेऊ. ‘सलीम सोल्ड कॉटन इन अकोला’, म्हणजे सलीमनं अकोल्यात कापूस विकला. आता ‘ओन्ली सलीम सोल्ड कॉटन इन अकोला’ म्हटलं, तर सलीमनंच विकला, बाकीच्यांनी नाही. ‘सलीम सोल्ड ओन्ली कॉटन इन अकोला’ म्हटलं, तर कापूसच विकला, तूर नाही. ‘सलीम सोल्ड कॉटन ओन्ली इन अकोला’ म्हटलं, तर अकोल्यातच विकला, अमरावतीला नाही. शब्द तेच, पण बातम्या तीन. नियम एवढाच, की ज्याला कुंपण घालायचं त्याच्या अगदी पुढ्यात ‘ओन्ली’ ठेवायचा.

यावर इंग्रजांमध्येही वाद झालेले आहेत. बोलताना ते लोक ‘ओन्ली’ बहुधा क्रियापदाच्या आधी टाकून मोकळे होतात आणि अर्थ आवाजाच्या जोरावर सांभाळतात. हेन्री फाउलर यांचा इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश १९२६ साली निघाला. गैरसमज होण्यासारखा नसेल तर ‘ओन्ली’च्या जागेवरून उगाच कुणाला छळू नये, असाच त्यांचा कौल आहे. मलाही तो पटतो. पण कागदावर आवाज नसतो. अर्ज, जबाब, दाखला, करारनामा वाचणारा माणूस तुमचा चेहरा पाहत नसतो.

समजा, घरात चोरी झाली आणि ‘मी घरीच होतो’ हे कुणी इंग्रजी जबाबात लिहून दिलं. ‘आय वॉज ॲट होम’ लिहिलं तर ठीक. पण ‘च’च्या ओढीनं ‘ओन्ली आय वॉज ॲट होम’ असं लिहिलं गेलं, तर त्याचा अर्थ होतो, घरात मी एकटाच होतो. आता संशय कुणावर जाईल ते सांगायला नको.

वेळेच्या बाबतीत तर हा शब्द शब्दशः उलटा फिरतो. ‘ती आठलाच आली’ असं मराठीत म्हटलं की बहुधा कौतुक असतं. इतरांच्या आधी आली, कामाला बाई पक्की आहे. त्याचं कुणी ‘शी केम ओन्ली ॲट एट’ केलं, तर इंग्रजीत ती तक्रार होते. आठ वाजेपर्यंत आलीच नाही, असा त्याचा अर्थ. एखाद्या शिपायाच्या किंवा शिक्षिकेच्या कामाच्या दाखल्यात हे वाक्य गेलं, तर लिहिणाऱ्यानं शाबासकी दिलेली असते आणि वाचणाऱ्याला ठपका दिसतो. कौतुक करायचं तर ‘शी वॉज देअर बाय एट’ किंवा ‘ॲज अर्ली ॲज एट’ म्हणावं.

पण यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी परिचारिकेचं शिक्षण घेऊन मोठ्या शहरात मुलाखतीला गेली. राहतेस कुठे, असं विचारल्यावर ‘आय स्टे इन हॉस्टेल ओन्ली’ म्हणाली. समोरचे हसले. पुढच्या प्रश्नांची उत्तरं तिला येत होती, पण तोंड उघडेना. घरी येऊन मला म्हणाली, ‘चाचा, मैं बराबरच बोली थी ना?’ मी म्हटलं, ‘बेटा, तू काय म्हणालीस ते त्यांना कळलं होतं. कळलं नसतं तर ते हसले नसते.’ हे तिच्या समाधानासाठी म्हटलं नव्हतं. लाखो लोक जो ‘ओन्ली’ बोलतात आणि ऐकणाऱ्याला तो समजतो, त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही. ती आपल्या मातीतली इंग्रजी आहे. गावच्या वाटेवर वहाण चालते, दूरच्या प्रवासाला बूट लागतो. दोन्ही पायांचीच सोय आहे. कुठे काय घालायचं ते कळलं पाहिजे, आणि ते न हसता शिकवता येतं.

वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ नेहमीच चुकतो असंही नाही. ‘लेडीज ओन्ली’, ‘स्टाफ ओन्ली’ या पाट्या बिनचूक आहेत. आणि धनादेशावर तर तो शेवटीच हवा. ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’. आपण मराठीत लिहितो, ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’. हिंदीत ‘मात्र’ लिहितात. हा शब्द तिथे पहारेकरी म्हणून उभा असतो. ‘पाच हजार’ लिहून जागा मोकळी सोडली, तर कुणी पुढे ‘नऊशे’ जोडू शकतो. ‘फक्त’ लिहिला की दार बंद. आपल्याकडच्या १८८१ च्या पराक्राम्य लेख कायद्याच्या १८ व्या कलमानुसार आकडा आणि अक्षर यांत फरक पडला, तर अक्षरी रक्कम धरायची असते. म्हणून त्या अक्षरी ओळीला पहारा हवा. ‘ओन्ली’ लिहिलाच पाहिजे असा कायदा नाही, पण ही सवय शहाणपणाची आहे. पावती असो की कापसाची हिशोबपट्टी, रक्कम डाव्या कडेला चिकटवून सुरू करावी, ‘फक्त’ लिहावा आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ ओढावी.

गंमत म्हणजे हा ‘फक्त’ मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आला. इमादशाही, मोगल, निजाम अशा राजवटी वऱ्हाडानं पाहिल्या. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून या मुलखाचा कारभार घेतला, तोवर अशा किती शब्दांनी इथे घर केलं होतं! उर्दू पत्राच्या शेवटी ‘फ़क़त’ लिहायची जुनी रीत आहे, म्हणजे मजकूर इथे संपला, खाली कुणी काही जोडू नये. उर्दू दस्तऐवजांत तर याहून पक्का बंदोबस्त असे. पाच हजार रुपये, ज्याचे निम्मे अडीच हजार होतात, असं लिहीत. रक्कम खोडून वाढवायची तर निम्मीही खोडावी लागेल! इंग्रजांचा ‘ओन्ली’ आणि आपला ‘फक्त’ दोन वेगळ्या मुलखांतून आले, पण पावतीवर दोघं एकाच चौकीवर उभे आहेत.

शेवटी कवी म्हणून मला आवडणारी या शब्दाची एक जोडी सांगतो. ‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’. शब्द तेच दोन, नुसती अदलाबदल. ‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’. ही अट आहे. ‘वी विल सो ओन्ली इफ इट रेन्स’, पाऊस पडला तरच पेरू. ‘इफ ओन्ली’ म्हणजे ‘असतं तर किती बरं झालं असतं’. ही हळहळ आहे. ‘इफ ओन्ली इट हॅड रेन्ड!’ पाऊस पडला असता तर! आमच्या कोरडवाहू वऱ्हाडात जूनमध्ये शेतकऱ्याच्या तोंडी पहिलं वाक्य असतं. पावसानं दगा दिला, तर ऑगस्टमध्ये दुसरं येतं. मुलांना हे दोन्ही एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा. शब्दाची जागा का सांभाळायची, ते त्यांना व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)