ऑपरेशनच्या आधी नवरा-बायकोनं बोलून घ्यावं असं

चंद्रपूर-गडचिरोलीत तोंडाचा कॅन्सर नवा नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा इथं पानठेल्यावर मिळतो, पुरुष खातात तशा बायाही खातात. वर्षानुवर्षं खाल्ला की गालाची आतली कातडी ताठ होत जाते, घास जाईल एवढंही तोंड उघडत नाही. आणि कॅन्सर निघाला, तर ज्या तोंडानं घरच्यांशी बोलायचं तेच आधी अडतं. म्हणून या आजारात बोलण्याची तयारी उपचाराइतकीच वेळेवर करावी लागते.

सुरुवात बायोप्सीपासून होते. बायोप्सी म्हणजे जखमेचा बारीकसा तुकडा काढून केलेली तपासणी. रिपोर्ट आला की घरातलं कुणीतरी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतं, "त्यांना सांगू नका, खचतील." आता नागपुरात ज्या दवाखान्यात नेतात, त्याच्या पाटीवरच राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय असं लिहिलेलं असतं! माणूस पाटी वाचतो आणि बायको घाबरेल म्हणून गप्प बसतो. बायकोही गप्पच.

जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या पुरुषांच्या आणि त्यांच्या बायकांच्या अभ्यासात हेच नोंदवलं होतं: जोडीदाराला जपायचं म्हणून आपली भीती लपवायची. लपवणाऱ्यालाच त्याचा जास्त त्रास होतो. ही कोंडी फोडायला मोठं भाषण लागत नाही. आपण आधी सांगू नये, विचारावं. "डॉक्टर का म्हणले जी? तुमाले का वाटते?" एवढं विचारून थांबावं. उत्तर यायला वेळ लागला तरी मधे बोलू नये.

त्यानंतर हमखास येतं ते, "म्हणत होती ना मी, खर्रा सोडा!" खरं असतं, पण त्या दिवशी त्याचा उपयोग शून्य. खर्रा मात्र आताही सोडायचाच, कारण तंबाखू थांबली की ऑपरेशनची जखम नीट भरते. मग बोलणं पुढच्या दिवसांचं करावं: आजपासून घरात पन्नी येणार नाही, आपलीही नाही आणि सासूबाईंचीही नाही. गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचं अभियान चालू आहे, त्याची मदत मागावी. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते. ती तंबाखूच्या तलफेची आहे, आपल्यावरचा राग नव्हे.

डॉक्टरांच्या खोलीत बहुतेकदा शिकलेला भाचा किंवा दीर जातो, बायको बाहेर पिशव्या सांभाळत बसते. घरी आल्यावर नळीतून पातळ अन्न द्यायचं, जखम पुसायची, ती हीच. म्हणून नवरा-बायको दोघांनी आत जावं. विचारायचं ते आधीच ठरवून कागदावर लिहून न्यावं.

सगळ्यात जास्त गडबड होते ती ऑपरेशनच्या वेळी, आणि इथं थोडं थांबायला हवं. जीभ किंवा गालाचा भाग काढतात, तेव्हा पुष्कळदा श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवतात. श्वास स्वरयंत्राच्या खालूनच बाहेर पडतो, म्हणून आवाज निघत नाही. हे आधी माहीत नसलं की शुद्धीवर आलेला माणूस भेदरतो, "वाचाच गेली" म्हणून बायको रडू लागते. ही नळी बऱ्याचदा काही दिवसांनी काढतात. आपल्या पेशंटचं काय होणार, ते आधीच विचारून घ्यावं.

म्हणून आदल्या दिवशी बसून खुणा ठरवाव्यात. बोटं दाखवली की तितकं दुखतं. गळ्याकडे हात नेला की कफ साचलाय, नर्सला बोलवा. तळहात उभा धरला की पुरे. लिहिता येत असेल तर वही-पेन उशाशी ठेवावं. त्याच बैठकीत सातबारा कुठं आहे, सोसायटीचं कर्ज किती, कुणाकडून काय येणं आहे, तेही विचारून घ्यावं. अशुभ वाटतं, पण नंतर खुणांनी कर्ज समजावता येत नाही.

ऑपरेशननंतर एका वेळी एकच, हो-नाही असं उत्तर येईल तो प्रश्न विचारावा. मोठ्यानं ओरडू नये, त्याला ऐकू येतंय. आणि त्याच्या देखत "हे काही खात नाहीत" असं पाहुण्यांना सांगू नये.

मग शेक, म्हणजे रेडिएशन. साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. नागपुरात एवढं राहायचं आणि इकडे धानाची रोवणी किंवा तेंदूचा हंगाम. एकट्या बायकोवर सोडू नये, पाळ्या लावाव्यात. एसटीत आणि रेल्वेत कर्करुग्णाला भाड्यात सवलत असते, तिची कागदं दवाखान्यातूनच करून घ्यावीत.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलतं, चव जाते. बायकोनं जीव लावून केलेली पेज तो बाजूला सारतो आणि भांडण पेटतं. "काय खाल?" ऐवजी "आत्ता गार बरं वाटेल की कोमट?" असं विचारावं. शेक संपल्यावरही एक-दोन आठवडे त्रास वाढतो, मग उतरतो. कॅन्सर उलटला असं समजून लगेच हाय खाऊ नये, डॉक्टरांना विचारावं.

या काळात ताट वेगळं, अंथरूण वेगळं होतं. कॅन्सर लागट नाही आणि मशीनचा शेक अंगात उरत नाही. जखमेला धक्का लागेल म्हणून दूर झोपत असाल तर तसं सांगावं. अंतराचं कारण सांगितलं नाही, तर आपली किळस येते असं त्याला वाटतं.

बायको आजारी असेल तर चित्र पालटतं. ती छातीतली गाठ लाजेपोटी लपवते, आणि नवरा गाडी, पैसे, कागद यांच्या मागे धावतो. त्याची माया तशीच दिसते. पण तिला कधीकधी तो नुसता शेजारी बसायला हवा असतो. ते तिनं मागावं, त्यानं ओळखायची वाट पाहू नये.

दोघांनाही जमेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावावा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि आजाऱ्याच्या सोबत्यालाही करता येतो. भामरागड-एटापल्लीकडच्या गावांत रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा नागपुरात किंवा तालुक्याच्या गावी असतानाच बोलून घ्यावं.