पाण्याचा ताप

रायगड जिल्ह्यातल्या पालीत बसून खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे, हे ऐकून 2009 साली घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. समुद्र इथून लांब. त्यामुळे मीठ पाकिटातलं, पाणी आर.ओ.चं आणि मासे म्हणजे क्लाउनफिशची एक जोडी. प्रवाळ नाही, 2001 पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. लहानपणी मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून मासे पाहिले होते. 1951 पासूनच्या त्या टाक्यांमधलं पाणी किती अंशांवर ठेवायचे, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

पहिला थर्मामीटर काचेचा, आत लाल अल्कोहोल. पाऱ्याचा नको, एवढं दुकानदाराने बजावलं होतं. टाकीत फुटला तर संपलंच. दुसऱ्या वर्षी ‘दिसायला बरी’ म्हणून बाहेरून चिकटवायची रंग बदलणारी पट्टी आणली. ती काचेचं तापमान सांगायची, त्यात खोलीतल्या हवेची भर. पंखा लावला की पट्टी खूश, मासे मात्र वर येऊन धापा टाकायचे. टाकी 24 ते 27 अंशांच्या आसपास असावी; मेमध्ये गावावरच्या सरसगडाचा कातळ तापला की आमची 31 वर जायची. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, ते असं डोळ्यांना दिसतं.

हात बुडवून पाहणं तर सोडूनच द्या. जवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात पहिलं पाऊल टाकताना ‘भाजलं!’ म्हणणारा माणूस पाच मिनिटांनी गळ्यापर्यंत बसलेला असतो.

चुकलेल्या अंशामुळे मीठही चुकतं, हे उशिरा कळलं. पाणी तापलं की त्याची घनता उतरते, मीठ मोजायचा हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि मीठ कमी असल्याचं दाखवतो. त्याच्या भरवशावर मी दोनदा जादा मीठ ओतलंय.

मग डिजिटल आला. वायरीच्या टोकाला प्रोब, मोठे आकडे, दशांशासकट! त्या दशांशावर माझा फार जीव. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आदळलं, वीज गेली ती कित्येक दिवस. बॅटरीच्या पंपावर हवा चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी डिजिटल म्हणतोय 26.4 आणि काचेची नळी 30. मी अर्थातच दशांशवाल्यावर विश्वास ठेवला. संध्याकाळी एक मासा आडवा.

नंतर पाहिलं तर प्रोबच्या सांध्यातून खारं पाणी आत शिरलेलं, तारेवर हिरवा गंज.

तेव्हापासून नवा थर्मामीटर आला की आधी स्वयंपाकघरात जातो. पेलाभर बर्फाचा चुरा, भिजेल इतकंच पाणी, ढवळून पाच मिनिटं थांबायचं: शून्य दाखवायला हवं. मग कोमट पाण्यात तापाच्या डिजिटल थर्मामीटरशेजारी धरून 36-37 अंशांना जुळतो का, ते बघायचं. एक-दीड अंशाचा फरक कायम तेवढाच असेल तर चालतो, त्यावर कागद चिकटवून लिहून ठेवतो. रोज वेगळा असेल तर कचऱ्यात.

तुम्ही घेणार असाल तर एक महागडा घेऊ नका, दोन वेगळ्या जातीचे साधे घ्या: एक बॅटरीवरचा, एक काचेचा. हीटरपासून आणि पाणी सुटतं त्या तोंडापासून लांब लावा. प्रोब दर महिन्याला गोड्या पाण्यात धुवा.

डिजिटल आजवर चार झाले. काचेच्या नळीची रबरी वाटी तीनदा बदलली. नळी 2009 चीच आहे.