सफरचंद सोलताना

सफरचंद सोलायला शिकायचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण घरोघर पाहा. सालीबरोबर गराची जाड चकती निघते, आणि मधला गाभा काढताना पाव फळ केरात जातं. परसातला पेरू असता तर एक वेळ चाललं असतं. हे फळ दूरवरून येतं आणि मोल देऊन घ्यावं लागतं.

आमच्या देवळाली कॅम्पजवळच्या देवळाली स्टेशनातून ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल बिहारातल्या दानापूरला निघाली. इकडचा शेतमाल उत्तरेकडे गेला. सफरचंद उत्तरेकडून इकडे येतं. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थानं १९१६ च्या सुमारास सिमल्याकडच्या कोटगडला अमेरिकन जातीची झाडं लावली, आणि पुढं हिमाचलात बागा पसरत गेल्या. आपल्याकडे मात्र ते बरीच वर्षं आजाऱ्याचंच फळ राहिलं. आता ते बाजारात ढिगानं दिसतं.

पहिला प्रश्न असा, की सोलायचं तरी कशाला? दात धड असतील तर धुऊन सालीसकट खावं. पोट साफ ठेवणाऱ्या तंतूंचा मोठा वाटा सालीत असतो. वरची चकाकी पुष्कळदा मेणाची असते. कोमट पाण्यात हातानं चोळून धुवावं. सोलायचं ते म्हाताऱ्या माणसांसाठी, दुखण्यातून उठलेल्यांसाठी आणि लहान मुलांसाठी. तान्ह्या बाळाला मात्र सोललेली असली तरी कच्ची फोड कधीही देऊ नका. ती घशात अडकून जीव गुदमरतो. वरचं खाऊ लागलेल्या बाळाला वाफवून, कुस्करूनच द्यावं.

आता सोलण्याची रीत. विळीवर कैरी सोलणाऱ्या आजीकडे नीट पाहा. पातं जागचं हलत नाही, फिरते ती कैरी. सुरीनं सोलतानाही हेच करायचं. फळ डाव्या हातात धरून सावकाश फिरवावं, सुरीचं पातं फळावर जवळजवळ आडवं टेकवावं आणि अंगठा धारेच्या वाटेत येऊ देऊ नये. सुरीला धार हवी. बोथट सुरीला जोर लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि बोट कापतं ते तेव्हा. मुलांना शिकवायचं तर आधी पाटावर चार भाग करून द्यावेत. भाग पाटावर बसतो, घरंगळत नाही.

गाभा काढायलाही हीच चार भागांची युक्ती बरी. भाग उभा धरून तिरपी सुरी घातली की गाभ्याची पातळ पाचर अलगद सुटते. दोनच भाग केले असतील, तर कडेला धार असलेल्या स्टीलच्या चमच्यानं मधला वाटोळा भाग कोरून काढावा. मला विचाराल तर चमचाच उत्तम. गर वाया जात नाही.

गुरुजींनी एक सफरचंद वर्गात न्यावं आणि आडवं कापावं. मधोमध पाच पाकळ्यांची चांदणी दिसेल; ते बियांचे पाच कप्पे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं खरं फळ तेवढंच. आपण आवडीनं खातो तो फुलाचा फुगलेला तळ! एखादी बी चुकून गिळली तर काही होत नाही. पण बियांत असा पदार्थ असतो की त्या चावल्या किंवा वाटल्या तर त्यातून विष सुटतं. म्हणून मिक्सरमध्ये रस काढण्याआधी बिया काढाव्यातच.

चिरलेली फोड लाल-तपकिरी पडली की पुष्कळ जण ती नासली म्हणून टाकतात. वांगं चिरून ठेवलं तर काळं पडतं ना, तोच हा प्रकार. कापल्यावर आतली द्रव्यं हवेशी मिळतात नि रंग बदलतो. म्हणूनच आपण वांग्याच्या फोडी पाण्यात टाकतो. सफरचंदाच्या फोडी चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात ठेवाव्यात, नाहीतर वर लिंबू पिळावं. लोखंडी विळीवर त्या जास्त काळवंडतात, तेव्हा सुरी स्टीलची घ्यावी.

उरल्या साली नि गाभे. जॅमला घट्टपणा आणणारं पेक्टिन त्यांतच भरपूर असतं. बिया काढून, बुडतील एवढ्या पाण्यात अर्धा तास उकळावं आणि पातळ फडक्यातून गाळावं. अननसाचा जॅम पातळ राहतो; त्यात साखर घालतानाच हे पाणी ओतावं. फडक्यातला चोथा खताच्या खड्ड्यात.