तिसऱ्याचं घड्याळ
सायकलींचा ट्रॅक : भाग ४

मागच्या भागात एकास एक स्प्रिंट पाहिली. आज टीम परसूट, म्हणजे सांघिक पाठलाग. चौघांचा संघ, २५० मीटरचा लाकडी ट्रॅक, १६ फेऱ्या. दुसरा संघ बरोबर पलीकडच्या बाजूने सुटतो. सायकलला ब्रेक नाही, गियर बदलायची सोय नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच.

वाऱ्याशी झुंजायचं काम पुढच्याचं. बाकीचे तिघं त्याच्या आडोशाला, चाकाला चाक भिडेल इतक्या जवळ. पुढच्याचा दम संपत आला की तो वळणावर ट्रॅकच्या चढावर जातो, तिघांना खालून सोडतो आणि शेवटी येऊन चिकटतो. मेख अशी, की संघाची वेळ धरतात ती तिसऱ्याची. म्हणजे चौथा खर्ची घालता येतो. त्याने जीव तोडून एक लांब ओढ द्यावी आणि बाजूला व्हावं. तिसरा मागे पडला तर मात्र सगळंच मुसळ केरात.

टोकियो ऑलिंपिकचे ट्रॅक सामने २०२१च्या ऑगस्टमध्ये इझूच्या वेलोड्रोमवर झाले. २००८पासून तीन वेळा ओळीने सुवर्ण नेणारं ब्रिटन आणि २०२०चं जगज्जेतं डेन्मार्क पहिल्या फेरीत समोरासमोर आले. डेन्मार्कच्या खेळाडूंनी पात्रता फेरीत नडगीवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. हवेला चकवण्यासाठीच त्या लावल्यात, अशी कुरकुर आधीच सुरू होती. मला ती रास्त वाटते. नडगी काही चौघांची एकदम दुखत नाही. लढत सुरू असताना ब्रिटनचा चार्ली टॅनफिल्ड साथीदारांपासून सुटला. मागून डेन्मार्कचा फ्रेडरिक मॅडसन येत होता. वेगासाठी मान इतकी खाली घातलेली, की समोरचं दिसलंच नाही. थेट धडक, दोघंही आडवे. समोरच्या संघाला गाठलं की शर्यत तिथेच संपते, असा नियम आहे. पंचांची बरीच खलबतं झाली आणि डेन्मार्क अंतिम फेरीत गेलं.

इटलीने त्याच पहिल्या फेरीत ३:४२.३०७ असा विश्वविक्रम केला होता. अंतिम फेरीत शेवटच्या किलोमीटरला डेन्मार्क पुढे होतं. मग फिलिप्पो गान्ना, तोवर वैयक्तिक परसूटचा चार वेळा जगज्जेता ठरलेला, आघाडीला आला आणि फेरीगणिक अंतर खात गेला. मागे लामोन, कोन्सोनी आणि जोनाथन मिलान. वेळ ३:४२.०३२, पुन्हा विश्वविक्रम. ताशी जवळजवळ ६५ किलोमीटरची सरासरी. डेन्मार्क एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी फरकाने हरलं. या वेगाला ते अंतर भरतं तीनेक मीटर. या प्रकारात इटलीला १९६०च्या रोमनंतर पहिलंच सुवर्ण.

कांस्य ऑस्ट्रेलियाला, आणि तेही कसं! पात्रता फेरीत अॅलेक्स पोर्टरच्या सायकलचा हँडलबारच तुटला आणि तो तोंडावर आपटला. पुन्हा धावायला मिळालं म्हणून संघ टिकला. कांस्यपदकाच्या लढतीत पडायची पाळी न्यूझीलंडच्या एरन गेटवर आली.

पुढच्या भागात मॅडिसन.